पेडलची मोकळी चाल

१

शिवणमावशी बुधवारी सकाळी सव्वानऊला गेली, आणि बारा वाजायच्या आत तिला कोणी मारलं तेही ठरून गेलं होतं. माझ्या नवऱ्याने.

हे लाँड्रीची गाडी चालवतात. टेकाडावर लाँड्री, खाली गावात इस्पितळ, मधे तीन मैलांचा उतार. रोज धुतलेल्या चादरी खाली न्यायच्या आणि मळलेल्या वर आणायच्या. दर बुधवारी शिवणमावशी ह्यांच्या शेजारी बसून जायची, फाटक्या चादरी निवडायला. ती रफू करायची. धागा असा धरायची की फाटलं कुठे होतं ते हाताला कळावं, पण डोळ्याला कळू नये. तिच्या रफूवर या गावातली निम्मी माणसं जन्मली, आणि उरलेली निम्मी तिच्याच रफूवर डोळे मिटणार होती. त्या बुधवारी उताराच्या तळाशी गाडी दगडी भिंतीवर गेली. मावशीच्या बाजूने.

दुपारी बाराला लाँड्रीचे मालक इस्पितळात आले. ह्यांचा खांदा अजून ऑपरेशनच्या टेबलावर उघडा होता, मी दाराबाहेर बाकावर. मालकांच्या सदऱ्याला नेहमीसारखी कडक इस्त्री. माझ्या शेजारी बसून ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी त्यांना बोल लावत नाही. माणूस आहे, विसरतो. हँडब्रेक ओढलेला राहिला, गाडी तशीच दामटली, ब्रेक तापला. नाहीतर त्या ब्रेकला काय धाड भरली होती? पाय टेकवला की वरच्या वर धरत होता."

मी मान हलवली. त्या घटकेला कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती.

संध्याकाळी तपासाचे साहेब आले. पाच वाजता पोलिसांच्या आवारात गाडी तपासली म्हणाले. तीनदा पेडल दाबलं, तिन्ही वेळा दगडासारखं घट्ट. "ब्रेक ठणठणीत आहे, बाई."

हे गुरुवारी सकाळी शुद्धीवर आले ते हेच म्हणत, "पेडल नव्हतंच. पाय टाकला तो थेट तळाला टेकला." मी त्यांना साहेबांचं म्हणणं सांगितलं. चुकलं माझं. ते तोंड भिंतीकडे वळवून म्हणाले, "मग मीच. हँडब्रेक राहिला असेल."

मालकांनी जबाब टाईप करूनच पाठवला होता. शुक्रवारी अकरा वाजता साहेब येणार, त्यांच्यासमोर ह्यांनी सही करायची. 'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द त्यात तीनदा होते. सही झाली की ह्यांचा परवाना जाणार, हे तुरुंगात जाणार, आणि मावशीचं मरण जन्मभर ह्यांच्या नावावर राहणार.

गुरुवारी दुपारच्या बसने वन्सं उतरल्या. मी बोलावलं नव्हतं. अकरा वर्षांत आम्ही नणंदा-भावजया एकमेकींशी एक वाक्य सरळ बोललो नव्हतो. माझा चहा त्यांना पाणचट लागतो, त्यांची जीभ मला तिखट लागते. शेजारच्या गावात त्या कामशाळेत मुलांना ब्रेकचं काम शिकवतात, तीस वर्षं झाली. मुलं त्यांना मास्तरीण म्हणतात आणि त्यांच्यासमोर शिंकायला घाबरतात.

त्यांनी जबाब वाचला, नीट घडी केली आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"वन्सं, तो उद्या लागणार आहे."

"लागू दे," त्या म्हणाल्या. "गाडी कुठंय?"

२

आवारात एक शिपाई खुर्चीवर बसून पेरू कापत होता. वन्संनी पदर खोचला, जमिनीवर आडवं पडून गाडीखाली पाहिलं. शिपाई म्हणाला, "बाई, साहेबांनी तपासलीय गाडी."

"कशी?"

"पेडल दाबून."

"माझा डॉक्टर नुसती जीभ बघून मला बरी म्हणाला, तर मी दुसरा डॉक्टर शोधीन. टॉर्च आहे का?"

टॉर्च मिळाला. पुढच्या चाकाच्या जाळीतून त्यांनी उजेड टाकला. "ये इकडे, वाकून बघ. ब्रेकच्या चकतीचा रंग कसा दिसतो?"

लोखंडी चकती निळी-जांभळी झाली होती, उतू जाऊन जळलेल्या पातेल्याच्या बुडासारखी. दुसऱ्या बाजूची चकतीही तशीच. मग त्यांनी मला मागच्या चाकाकडे नेलं. तिथे चकतीच्या जागी बंद ड्रम होता. त्यावरचा जुना रंग जसाच्या तसा, एक फोडसुद्धा आलेला नव्हता.

"आता सांग. हँडब्रेक कुठल्या चाकांना आवळतो?"

"मला काय माहीत?"

"मागच्या. फक्त मागच्या. तो ओढून कोणी तीन मैल गाडी हाकली तर मागचे ड्रम भाजतील, पुढच्या चकत्यांना ऊबही लागणार नाही. इथे पुढचं जळलंय, मागचं थंड आहे." त्या उठल्या. हात पदराला खसकन पुसले. "हँडब्रेक खोटा आहे. हे ज्याने लिहिलं त्याला एक तर ब्रेक कळत नाही, नाहीतर फार चांगला कळतो."

"पण पेडल तर घट्ट आहे, वन्सं. हे म्हणतात तळाला गेलं."

"दोन्ही खरं. चकत्या अशा तापल्या की नळीतलं ऑइल उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पाय सरळ खाली जातो. गाडी थंड झाली की वाफेचं परत ऑइल होतं, पेडल पुन्हा दगड. साहेबांनी पाच वाजता दाबलं ना? आठ तासांनी. पेडल घट्ट लागलं, यावरूनच माझा भाऊ खरं बोलतोय हे कळतं."

शिपायाचा पेरू हातातच राहिला.

वन्संनी गाडीत डोकं घालून पेडल एका बोटाने दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा. कपाळाला आठी पडली. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली. आतलं ऑइल मधासारखं स्वच्छ.

"कागद काय म्हणतो?"

शिपायाने फाईल चाळली. "दोन महिन्यांमागे ऑइल बदललं. लाँड्रीच्या फिटरची सही आहे."

वन्सं पुन्हा चाकामागे आडव्या झाल्या. जुनं ऑइल ज्या छोट्या स्क्रूमधून काढतात तो गंज आणि चिखलाने बुजला होता. त्यावर पाना ठेवून त्यांनी नेट लावला, तेव्हा कुठे तो कुरकुरत हलला. एक थेंब त्यांच्या तळहातावर पडला.

काळा. कोळशाच्या पाण्यासारखा.

"डबीत मध आणि नळीत डांबर," वन्सं म्हणाल्या. "या फिटरचं तोंड मला बघायचंय."

३

फिटर डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून शेडमध्ये बसला होता. भिंतीवर एक काळी पाटी, खाली खडूचा तुकडा. पाटी कोरी होती.

"तुम्ही ऑइल बदललं?" वन्संनी विचारलं.

"कागदावर आहे."

"मी कागदाला नाही, तुम्हाला विचारतेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "वरच्या डबीतलं उपसून नवीन घातलं. चाकांपर्यंत काढलं नाही. तेवढं करायला गाडी अर्धा दिवस उभी लागते. मालक म्हणाले, डबी स्वच्छ दिसली की झालं."

"आणि तुम्ही सही केली."

"केली."

वन्सं त्याच्यासमोर उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई त्याच्या कानफटात देणार. पण आवाज उलट खाली आला. "तुमच्या आळसाने जुनं ऑइल नळीत राहिलं, आणि ते हवेतलं पाणी ओढत राहिलं. पाणी भरलेलं ऑइल लवकर उकळतं. हे तुमच्या पदरात. ते मी साहेबांना सांगणार, आणि तुम्ही मान खाली घालून हो म्हणणार."

"म्हणेन."

"पण ऑइल आपोआप उकळत नाही. त्याखाली कोणीतरी जाळ लावला. पुढचे ब्रेक पाय न लावता आवळलेले राहत होते. ते कोणी केलं?"

"मी नाही." त्याने पट्टीवर बोट ठेवलं. "सोमवारी दुपारी पत्र्याने डोळा कापला. काल घरी होतो, पडून. आज मालकांनी बोलावलं म्हणून आलो. चाकाचा नट दिसत नाही मला, वन्संबाई."

"वन्सं हिची. तुमची मी बाई." त्यांनी पाटीकडे बोट केलं. "आणि ही?"

मग त्याने सांगितलं. मला ते माहीत होतं, ह्यांनी कितीदा सांगितलेलं. लाँड्रीत तक्रारीची वही नाही. ड्रायव्हर बिघाड खडूने पाटीवर लिहितो. ज्याने दुरुस्त केलं त्यानेच आणि स्वतःच्या हाताने ती ओळ पुसायची. दुसऱ्या कोणी पाटीला हात लावायचा नाही. सकाळी पाटी कोरी दिसली की ड्रायव्हर निर्धास्त गाडी काढतो. कोरी पाटी म्हणजे दिलेला शब्द.

"सोमवारी संध्याकाळी दुसऱ्या ड्रायव्हरने लिहिलेलं म्हणतात," फिटर म्हणाला. "मी नव्हतोच. मंगळवारी लाँड्री बंद. बुधवारी पाटी कोरी."

"तुमच्याशिवाय इथे पाना कोण धरतं?"

तो कडवट हसला. "धरतं कोण? मालक स्वतःला मेकॅनिक म्हणवतात. एकेकाळी स्वतःचा ट्रक होता ना. त्या वेळचा स्क्रू पाना कचेरीत भिंतीवर टांगलाय, आल्यागेल्याला दाखवतात. माझ्या हातात स्क्रू पाना दिसला असता तर माझ्या उस्तादाने बोटं मोडली असती. त्याचा जबडा ढिला असतो, नटाचे कोपरे खातो. पण मालक गेल्या दहा वर्षांत गाडीखाली गेलेले मी तरी पाहिले नाहीत."

बाहेर पडताना वन्सं म्हणाल्या, "शेडची किल्ली कोणाकडे असते?"

"एक मालकांकडे," मी म्हणाले. "एक दुसऱ्या ड्रायव्हरकडे. तो मागच्या खोलीत राहतो. आणि वन्सं, त्याचं आणि ह्यांचं गेल्या आठवड्यात चांगलंच वाजलंय."

४

दुसऱ्या ड्रायव्हरला सगळे घाई म्हणतात. तो जेवतोही उभ्याने. आम्हाला पाहिल्यावर त्याने दार अर्धंच उघडलं.

"माझं आणि त्याचं भांडण त्याच्या सुट्टीवरून झालं, सोमवारपर्यंत त्याची गाडी मलाच हाकावी लागली," तो मी विचारायच्या आधीच म्हणाला. "म्हणून मी माणसं मारीन? तुझ्या नवऱ्याने सांगितलं का असं?"

"तो काही सांगत नाही, तीच तर अडचण आहे," वन्सं म्हणाल्या. "सोमवारी पाटीवर काय लिहिलंत?"

"पेडल अर्ध्याच्या खाली जातं. एवढंच."

"हळूहळू खचत जायचं, की पहिल्यापासूनच खाली?"

"पहिल्यापासून. खाली जाऊन मग धरायचं. दुसऱ्यांदा मारलं की वर यायचं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"दोनदा मारायचो." त्याने खांदे उडवले. "गाडी थांबते ना? मग झालं."

"आणि हे कशाने होतं?"

"ऑइल कमी असेल. हवा असेल. मला काय विचारता, मी स्टेअरिंग फिरवतो."

वन्सं त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो चुळबुळला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "बाई, मी लिहिलं होतं. ठळक लिहिलं होतं. तुझ्या नवऱ्याला तोंडी सांगायचं मी टाळलं, कारण बोलत नव्हतो आम्ही. पण लिहिलं होतं. बुधवारी सकाळी पाटी कोरी पाहिली तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कोणीतरी केलं. कालपासून मला सारखं वाटतं, तोंडी सांगितलं असतं तर त्याने दोनदा बघितलं असतं."

दार लागलं. रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "नाटक असेल."

"नसेल. मागच्या ड्रममधली लायनरं, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, झिजल्या की पेडल असं खाली जातं, दुसऱ्यांदा मारलं की वर येतं. त्याने लक्षणं अचूक सांगितली आणि कारण साफ चुकीचं. लबाड माणूस उलट करतो." त्या भराभर चालत होत्या. "आता नीट ऐक. सोमवारी पेडल खाली जात होतं. बुधवारी थंड गाडीचं पेडल दगडासारखं. मधे कोणी लायनरं बदलली? ड्रम तर महिनोन् महिने उघडलेले नाहीत. म्हणजे रोग तसाच ठेवून कोणीतरी पेडल नुसतं वर उचललंय."

"असं करता येतं?"

"येतं. मी शिकवते मुलांना, हे कधीही करायचं नाही म्हणून."

पोलिसांच्या आवारात यावेळी साहेब स्वतः होते. शिपायाने त्यांना डांबराची गोष्ट सांगितलेली दिसत होती, कारण त्यांनी अडवलं नाही. वन्संनी त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "एका बोटाने पेडल दाबा. हळूच. काय लागतं?"

"घट्ट."

"शेजारी तुमची जीप आहे. तिचं दाबा."

साहेब उतरून जीपमध्ये बसले. "आधी जरा मोकळं जातं. करंगळीच्या नखाएवढं. मग लागतं."

"ती मोकळी चाल. पाय काढल्यावर ब्रेकने सुटावं म्हणून ठेवलेली जागा. या गाडीला ती नाही. म्हणजे पाय नसतानाही या गाडीच्या ब्रेकवर सतत कोणाचा तरी पाय आहे." त्या डॅशखाली पाठीवर सरकल्या. आतून आवाज आला, "साहेब, या. ही पेडलची दांडी. तिच्यावर आटे आहेत. ही दांडी लांब केली की पेडल वर येतं. गंजलेल्या आट्यांत दोन आटे चकचकीत दिसतात का? ते परवापर्यंत नटाच्या आत होते. आणि नटाचे कोपरे बघा."

साहेब वाकले. सहाही कोपरे गोल झाले होते, उंदराने कुरतडल्यासारखे.

मला फिटरचं बोलणं आठवलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी. इस्पितळातला बाक. कडक इस्त्रीचा सदरा. 

"वन्सं," मी म्हणाले, "मला कळलं कोण ते."

५

शुक्रवारी सकाळी नऊला साहेब, वन्सं आणि मी मालकांच्या कचेरीत गेलो. मालकांनी साहेबांना खुर्ची दिली, आम्हाला बाक. त्यांच्या डोक्यामागे लाकडी फळीवर स्क्रू पाना होता.

"जबाबात काही बदल हवा असेल तर सांगा," मालक म्हणाले. "मी त्याच्या भल्याचंच बघतोय. वकीलही मीच देणार आहे."

"बदल आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी निळ्या चकत्या सांगितल्या, थंड ड्रम सांगितले, दांडीचे दोन आटे सांगितले. मालक ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "फिटरचं काम असणार. नाहीतर घाईचं."

"फिटरला सोमवारपासून नट दिसत नाही. शिवाय त्याच्या हातून नटाचा कोपरा गेला नसता, त्याला त्याच्या धंद्याची लाज आहे, ऑइलची नसली तरी. घाईला वाटतं की पेडल खाली जाण्यावर औषध म्हणजे दोनदा मारणं. त्याला दांडी आहे हेच माहीत नाही. हे काम अशा माणसाचं आहे, ज्याला ब्रेक येतो पण फार जुना येतो."

"हा तुमचा तर्क झाला."

"हो. पुढचं ही सांगेल."

सगळे माझ्याकडे वळले. मी या कचेरीत आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. दिवाळखोर माणसाने उधार मागावं तसा माझा आवाज निघायचा इथे. आज तसा निघाला नाही.

"मालक, बुधवारी दुपारी बाराला तुम्ही मला म्हणालात, पाय टेकवला की ब्रेक वरच्या वर धरत होता."

"मग? साहेबांनीही तेच सांगितलं."

"साहेबांनी गाडी पाच वाजता तपासली. बाराला ते कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारी संध्याकाळी पेडल अर्ध्याखाली जात होतं, घाईने पाटीवर लिहिलं होतं. मंगळवारी लाँड्री बंद. बुधवारी सकाळी ती गाडी फक्त ह्यांनी चालवली, आणि बाराला हे बेशुद्ध होते. पेडल वर आलंय हे पृथ्वीच्या पाठीवर दोघांनाच माहीत होतं. एक टेबलावर पडलेला. दुसरा माझ्या शेजारी बसलेला."

मशिनांची घरघर भिंतीतून येत होती. साहेब उठले, फळीवरून पाना काढून त्यांनी खिडकीशी धरला. सगळा पाना वर्षानुवर्षांच्या धुळीने राखाडी होता. जबडा तेवढा लखलखीत.

मालकांनी चष्मा काढला. "दोन आटे," ते म्हणाले. "फक्त दोन आटे फिरवले. माझ्या ट्रकला मी वीस वर्षं हेच करत होतो. एकदाही काही झालं नाही. बुधवारी इस्पितळाचा माल जायलाच हवा होता. फिटर नव्हता. गाडी बाहेर गॅरेजला दिली असती तर दोन दिवस गेले असते. मी स्वतः लाँड्रीच्या आवारात चालवून पाहिली. उत्तम धरत होती. मग पाटी पुसली."

"तुमच्या ट्रकला चारी चाकांना ड्रम होते," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता, म्हणून जास्त भयंकर. "ड्रममध्ये स्प्रिंग असते. दांडी थोडी लांब झाली तरी स्प्रिंग ब्रेकला मागे खेचते, तुमची चूक पोटात घालते. या गाडीला पुढे चकत्या आहेत. चकतीला मागे खेचणारं कोणी नाही. तिथे दांडीने दाबलं की दाबलेलंच. आवारात दोन चकरा मारून ते कळत नाही. तीन मैल उतारावर कळतं. एका बाईला कळलं."

"मला हे माहीत नव्हतं."

"ते मी मानते. माहीत नव्हतं, तिथपर्यंत ती चूक होती." त्यांनी पिशवीतून तो टाईप केलेला जबाब काढून टेबलावर ठेवला. "पण बाराच्या आत तुम्हाला कळलं होतं. बाक गाठून तुम्ही हिला हँडब्रेक शिकवलात. ऑपरेशन संपायच्या आधी. माझ्या भावाचं हाड जोडून झालं नव्हतं, तोवर तुम्ही त्याच्या गळ्यात मढं बांधलंत. याला मी चूक म्हणणार नाही. याला काय म्हणायचं ते साहेब ठरवतील."

मालक म्हणाले, "लाँड्रीत चाळीस माणसं आहेत. मी आत गेलो तर—"

"एकेचाळीस होती," मी म्हणाले.

६

इस्पितळाच्या जिन्यात वन्सं मधेच थांबल्या. मला वाटलं दम लागला.

"एक गोष्ट बसत नाही," त्या म्हणाल्या. "चकत्या इतक्या निळ्या व्हायच्या तर मैलभर आधीपासून वास येतो. जळक्या केसांसारखा. मेलेला माणूस उठून बसेल असा. माझ्या धाकट्या भावाचं नाक शाबूत आहे. त्याने हँडब्रेक इतक्या लवकर का कबूल केला?"

ह्यांच्या खोलीबाहेर शिवणमावशीचा नवरा उभा होता. बारीक, ताठ म्हातारा. जबाब कधी होणार ते त्याला कोणीतरी सांगितलं होतं. साहेबांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं, तो थांबला नाही. आमच्या मागून आत आला आणि दाराशी उभा राहिला.

वन्संनी ह्यांना सगळं सांगितलं. दांडी, पाटी, पाना. हे ऐकत राहिले. चेहरा सैल पडेल म्हणून मी वाट बघत होते. पडला नाही.

"धाकट्या, काय गिळून बसलायस?"

"काही नाही, ताई."

"वास आला होता?"

हे दाराकडे बघत होते. म्हाताऱ्याकडे. मग म्हणाले, "अर्ध्या उतारावर. गाडीही जड चालत होती, उतारावर असून रेस द्यावी लागत होती. मावशी म्हणाल्या, काहीतरी जळतंय, गाडी घे बाजूला. मी म्हणालो, खाली पोचून बघू, उशीर झालाय. पाटी कोरी होती, म्हणून म्हणालो. त्या दुसऱ्यांदा म्हणाल्या. मी रेडिओ मोठा केला."

दोन दिवस ज्या रागाने मला उभं ठेवलं होतं, त्याला आता ठेवायला जागा उरली नाही. अर्धा मालकांवर राहिला. अर्धा या पलंगावर येऊन पडला, आणि तो कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

वन्सं म्हणाल्या, "हेही लिहायचं."

साहेब म्हणाले, "बाई, हे लिहिलं नाही तरी चालेल. मुख्य दोष सापडलाय. याने त्याचंच नुकसान होईल."

"मी दोन दिवस खऱ्यासाठी भांडले," वन्सं म्हणाल्या. "आता ते माझ्या भावाला टोचतंय म्हणून मी निम्मं कापून देऊ?"

ह्यांचा उजवा हात बांधलेला होता. लिहायला मी बसले. हे सांगत होते, मी लिहीत होते. पाटी कोरी होती. पेडल वर धरत होतं. गाडी जड चालत होती. वास आला. मावशी दोनदा म्हणाल्या. रेडिओच्या वाक्यापाशी माझं पेन अडलं. ह्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं, शब्दही न बदलता. मी लिहिलं. मग तळाचं वळण. पाय टाकला, पेडल तळाला गेलं, हँडब्रेक ओढला, गाडी वळली नाही.

म्हातारा पुढे आला. "वाचा."

मी वाचलं, पहिल्यापासून. दोनदा मी थांबून पुन्हा सुरू केलं. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, "दुसऱ्यांदा काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या," हे म्हणाले, "अरे, ऐक ना माझं."

"तसंच म्हणायची," म्हातारा म्हणाला. "मीही ऐकत नसे." त्याने कागदाकडे बोट केलं. "ते शब्द नाहीत त्यात. घाला."

मी घातले.

"आता सही करा," तो ह्यांना म्हणाला.

हे डाव्या हाताने सही करू लागले. हात वाकडा जात होता. वन्सं पुढे झाल्या आणि त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला, सही पुरी होईपर्यंत.